तुम्ही विचारलंत म्हणून : शिंपेतला रंग

शिनाण्यांचं, म्हणजे एका जातीच्या समुद्री शिंपल्यांचं, सुकं संपलं की ताटाच्या कडेला शिंपांचा ढीग उरतो. मग पाहुण्यांपैकी कुणीतरी एक शिंप उजेडात कलती करतं, आत निळं-गुलाबी काहीतरी सरकून जातं, आणि प्रश्न येतो, "मॅडम, हा रंग कुठून आला?" मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, त्यामुळे सुटका नसते.

रंग नाहीच आहे. आतली बाजू पॉलिश पेपरवर घासून बघा, पूड रांगोळीसारखी पांढरी पडते. तिसऱ्यांची शिंप आतून चिनीमातीच्या कपासारखी कोरी दिसते ना? तिच्यातही हेच खनिज, अ‍ॅरागोनाइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचं एक रूप. फरक बांधकामाचा.

शिंपेला आतून मांसाची पातळ झालर चिकटलेली असते, प्रावार म्हणतात तिला. गवंडी तीच. झालर आणि शिंप यांच्या मधल्या फटीत जेमतेम द्रव असतो. त्यात ती कायटिन (खेकड्याच्या कवचात असतं तेच) आणि प्रथिनांचे पापुद्रे सोडते आणि पापुद्र्यांमध्ये अ‍ॅरागोनाइटच्या चकत्या धरतात. चकती वरच्या पापुद्र्याला टेकली की तिची जाडी थांबते. मग ती आडवी पसरते, शेजारणीला भिडेपर्यंत. पापुद्र्यांना बारीक भोकं असतात. त्यांतून खनिज पुढच्या थरात शिरतं आणि तिथे नवी चकती सुरू होते. शिनाण्यात या चकत्या विटांसारख्या सांधा चुकवून बसतात, काही समुद्री गोगलगायींत नाण्यांच्या चवडीसारख्या. जाडी साधारण अर्धा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरभरात दोनेक हजार थर! प्रकाशाची तरंगलांबीही याच मापाची. म्हणून थराथरावरून परतलेले किरण एकमेकांत मिसळताना काही रंग उठतात, काही मावळतात, आणि शिंप कलली की पुन्हा बदलतात.

डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाची गंमत मी वर्गात हमखास सांगते. त्यानं मेणात चिकटवलेला शिंपल्याचा तुकडा काढला, तर रंग मेणावर! पृष्ठभागावरच्या बारीक रेषांचा ठसा तिथे उमटला होता. हे त्यानं १८१४ साली मांडलं.

हे सगळं ऐकून एक पाहुणी चार शिंपा घरी घेऊन गेली आणि वास जावा म्हणून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवल्या. सकाळी फोन. "बुडबुडे आले, आणि आता नुसत्या पांढऱ्या दिसतायत. रंग कच्चा होता का गं?"