तुम्ही विचारलंत म्हणून: बाकीच्या लेकरांचं काय?

"मॅडम, त्या एका लेकरापायी बाकीच्यांचं नुकसान होत नाही का?" शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा प्रश्न येतो, लग्नकार्यात नातेवाईक विचारतात, सरावपाठाला येणारी डी.एल.एड.ची (शिक्षक पदविकेची) पोरंपोरीही जरा चाचरत विचारतात. ते एक लेकरू म्हणजे वर्गातलं दिव्यांग मूल: कधी कानाला यंत्र लावणारा मुलगा, कधी आकडे ध्यानात न राहणारी मुलगी. विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते, काळजी असते, म्हणून उत्तर टाळणं बरं नाही.

आमची शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका वस्तीवर. पहिली ते चौथी, शिक्षक दोन. म्हणजे माझ्यासमोर एकाच वेळी दोन इयत्ता बसतात. एक वाचत असते तेव्हा दुसरी मांडणी करत असते. सगळी मुलं सारखी, धडा एक आणि वेगही एक, असा वर्ग मी फक्त पाठटाचणात पाहिलाय.

आणि 'बाकीचे' म्हणजे नेमके कोण? दिवाळी सरली की वस्ती ओस पडते. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेल्या नवरा-बायकोच्या जोड्या ऊसतोडीला साखर कारखान्यांकडे निघतात. ज्यांचे आजी-आजोबा घरी आहेत त्यातली काही मुलं हंगामी वसतिगृहाच्या आधारानं मागे राहतात. बाकीची आईबापाबरोबर उसाच्या फडावर जातात आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये परततात. तांड्यावरच्या मुलांच्या घरात गोरमाटी बोलतात, त्यामुळे पहिलीच्या पुस्तकातली मराठी त्यांना शाळेत येऊनच भेटते. कुणाचं पोट सकाळी रिकामं असतं आणि खिचडीची वेळ होईस्तोवर त्याचं लक्ष लागत नाही.

मला हा प्रश्न विचारणारे कितीतरी बाप स्वतः कोयत्यावर जाणारे आहेत. त्यांचं लेकरू परत येतं तेव्हा हातच्याची वजाबाकी पार विसरलेलं असतं. मग मी त्याच्यासाठी मागे जाते, पुन्हा शिकवते, पुढे गेलेल्या एखाद्या मुलीला त्याच्या शेजारी बसवते. त्या दिवसांत बाकीच्यांच्या नुकसानीचं कुणी नाव काढत नाही, आणि काढूही नये. फक्त इतकंच की यंत्रवाल्या पोरासाठी मी थांबते ते थांबणंही ह्याच जातीचं आहे.

त्या पोराचंच सांगते. यंत्रानं आवाज मोठा होतो, पण गोंगाटही तितकाच मोठा होतो. तो निम्मं माझ्या ओठांवरून समजून घेतो. त्यामुळे फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही. आधी लिहायचं, मग वळून बोलायचं. सूचना एका वेळी एकच. पाच सूचना एका दमात दिल्या तर चांगल्या कानाच्या पोरांनाही शेवटचीच आठवते, हे वर्गावर उभं राहिलेल्या कुणालाही माहीत असतं. आमच्या एका खोलीवर पत्रे आहेत. जुलैत पाऊस कोसळायला लागला की तिथं कुणालाच काही ऐकू येत नाही, सगळेच त्याच्यासारखे होतात. तेव्हा फळा, हातवारे आणि चित्रं ह्यांवरच तास चालतो आणि बरा चालतो, कारण सवय झालेली असते.

आकड्यांचंही तसंच. आकडे न राहणाऱ्या मुलीला काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे हातात लागतात. ते सगळ्यांनाच देते. एकोणसाठ म्हणजे पाच गठ्ठे आणि नऊ सुट्या काड्या, हे भल्याभल्यांना काड्या मोजल्याशिवाय पटत नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीस, बावीससाठी 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं तेव्हा विधिमंडळापर्यंत त्याची टर उडवली गेली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर परोपरीनं समजावत होत्या, की जुने शब्द काढलेले नाहीत, सोबत सोपी वाट दिली आहे. टीव्हीवर हसणाऱ्यांपैकी कुणी दुसरीतल्या पोराला बावन्नचे पंचवीस लिहिताना पाहिलं नसावं. मी रोज पाहते, म्हणून मला ते हसणं आवडलं नव्हतं.

उताराचा रस्ता मात्र विनोदच आहे. एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी, हा साधा हिशेब. आमचा ओटा दीड फुटाचा आणि रॅम्प जेमतेम पाच फुटांचा. व्हीलचेअर वर चढणं शक्य नाही. पोरं घसरगुंडी म्हणून वापरतात. कागदावर शाळा 'अडथळामुक्त' आहे.

आता ज्याची तुम्हाला खरी धास्ती आहे ते बोलू. हो, काही दिवस जातात. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला ताटांचा खणखणाट सहन होत नाही, ते किंचाळायला लागतं, आणि मी त्याला घेऊन निंबाखाली बसते तेव्हा दोन्ही इयत्ता वाऱ्यावर असतात. तो वेळ गेला हे मी नाकारणार नाही. प्रत्येक मूल आमच्याकडेच असावं असंही माझं म्हणणं नाही. अजिबात ऐकू न येणाऱ्या मुलीला खुणांची भाषा बोलणाऱ्या मैत्रिणी लागतात. माझ्या वर्गात ती एकटी पडेल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळची शाळा किंवा विशेष शाळा ह्यांतून निवड दिली आहे. ती घरच्यांनी करावी, 'ह्याला दुसरीकडे न्या' असं सांगून इतर पालकांनी नव्हे.

पण गेलेला वेळ कुणाच्या खात्यावर मांडायचा? सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सांगितलं, की प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. आमच्याकडे येणारे फिरते विशेष शिक्षक भले माणूस आहेत, पण त्यांच्यावर इतक्या शाळा आहेत की ते येतात तेव्हा मागच्या भेटीत सुरू केलेलं मूल विसरून गेलेलं असतं. त्या ओरडणाऱ्या पोराजवळ बसायला त्या वेळी दुसरं माणूस असतं तर तुमच्या लेकराचा तास बुडला नसता.

शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक ठेवलेत ते सह्या करून चहा पिण्यासाठी नाही. तेव्हा पुढच्या बैठकीत हा प्रश्न मला विचारू नका, गटशिक्षणाधिकारी साहेबांना लेखी विचारा. ठराव मी लिहून देते. रॅम्पची लांबीही त्यातच घालू.