तुम्ही विचारलंत म्हणून: पेशंटसमोर मी मोबाईलमध्ये काय बघतो

"डॉक्टर, पेशंट पुढ्यात बसलाय आणि तुम्ही मोबाईलमध्ये काय बघताय?" पाटणच्या बाजारात विचारतात, लग्नाच्या पंगतीतही विचारतात.

औषधं बघतो. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असलेल्या आजोबांना चौथी गोळी चालेल का, दहा किलोच्या पोराला किती मिली द्यायचं, हे ताडून बघतो. पबमेड ही वैद्यकीय लेख शोधायची साइट १९९७ पासून फुकट आहे. पूर्ण लेखाला पुष्कळदा पैसे पडतात, मग मिरजेच्या मित्राकडून मागवतो. सुरुवातीला माझ्याकडे फक्त कॉलेजातली पुस्तकं होती. काहीही न बघता चिठ्ठी लिहिणारा तो तरुण डॉक्टर तुम्हाला हुशार वाटायचा. मलाही वाटायचा. तो किती वेळा चुकला, हे तुम्हाला कळलं नाही आणि त्यालाही नाही.

आता जे कुणी विचारत नाही ते सांगतो.

श्रावणात कोयना खोऱ्यातली एक बाई आली. सहा दिवस ताप, डोकं ठणकतंय, डेंग्यू निगेटिव्ह. मी सेफ्ट्रियाक्सोन हे अँटिबायोटिक इंजेक्शन लावलं, ताप हटेना. अंग पुसताना सिस्टरला छातीच्या घडीत विडीचा चटका बसावा तशी काळी खपली दिसली. मी फोटो काढून डॉक्टरांच्या ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत उत्तर आलं: "एस्कार आहे. स्क्रब टायफस. डॉक्सी दे." गोचिडीच्या कुळातल्या बारीक माइटची पिल्लं गवतात चावतात, त्यातून हा ताप येतो; चावल्या जागी पडते ती काळी खपली म्हणजे एस्कार. सेफ्ट्रियाक्सोनला तो दाद देत नाही. डॉक्सी म्हणजे डॉक्सिसायक्लिन, दुसरं अँटिबायोटिक. ती दिली, दोन दिवसांत ताप उतरला.

आठवड्याने तिच्या नवऱ्याचा फोन आला. तो वाशीच्या मार्केटात माथाडी. फोटो कुठून कुठून फिरत गावच्या ग्रुपवर पोचला होता, आणि कडेला केसपेपर दिसत होता. नाव, वय, गाव.

"तिला वाचवलंत म्हणून शिव्या देत नाही. पण ती पाण्यालासुद्धा बाहेर पडत नाही."

मी म्हणालो, मी फक्त डॉक्टरांना पाठवला होता.

"तिला विचारलं होतं का?"

नव्हतं. एवढ्या तापात काय विचारणार, असं मी पुढे कितीतरी दिवस मनाला सांगत राहिलो. पण ती शुद्धीत होती, सिस्टरकडे पाणी मागत होती. ओळख पटेल असा फोटो परवानगीशिवाय नियतकालिकात छापू नये, असं डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत आहे. ग्रुप म्हणजे काही नियतकालिक नव्हे, असाही वाद मी स्वतःशी घातला. तिच्या दारात उभं राहून तो घालता आला नसता.

आता केसपेपर बाजूला ठेवतो, विचारतो, मगच फोटो काढतो. तरी गेल्या हिवाळ्यात बेशुद्ध पेशंटचा ईसीजी कुणालाच न विचारता साताऱ्याला पाठवला. नाव झाकलं होतं. पुन्हा तसा पेशंट आला तर पुन्हा पाठवीन.

मोबाईल मी सोडणार नाही. तो नसता तर त्या बाईला मी आणखी दोन दिवस चुकीचं इंजेक्शन देत राहिलो असतो.

ती आता तापाला कराडला जाते. तिची एसटी आमच्या दवाखान्यावरूनच जाते.