राखेतला मॅनिफोल्ड

"फॅन नका लावू. तडकेल."

बडोद्याच्या मकरपुऱ्यातले वेल्डरकाका एवढंच म्हणाले आणि तापलेला मॅनिफोल्ड (इंजिनचा धूर बाहेर नेणारा नळ्यांचा तुकडा) त्यांनी कोरड्या राखेच्या डब्यात पुरला.

मित्राच्या जुन्या जीपमध्ये पेट्रोलच्या जागी डिझेल इंजिन बसतंय. (आरटीओची परवानगी हा वेगळा विषय.) इंजिनचे माउंट (आधार) जुळले, पण मॅनिफोल्डचं तोंड नेमकं स्टिअरिंग बॉक्सवर. ते कापून खाली वळवायचं होतं.

काकांनी आधी फ्लँज (इंजिनला बसणारी सपाट कड) जाड पट्टीला बोल्टनं आवळली. नाहीतर ती उष्णतेनं वाकते, मग गॅस्केट (मधलं पॅकिंग) कितीही भारी घ्या, धूर गळतोच. मग गॅसनं अख्खा तुकडा तापवला. निकेलच्या रॉडनं इंचभर वेल्ड, हातोडीची हलकी ठोक, थांबा. पुन्हा इंचभर. बीड (ओतीव लोखंड) आहे, पोलाद नाही. एकीकडे तापलं आणि बाकी गार राहिलं की चिरतं.

मित्र सारखा घड्याळ बघत होता. "उद्या सकाळी या," काका म्हणाले.

हिशेबात रॉड होते, गॅस होता, मजुरी होती. रात्रभर राखेत ठेवल्याचं काहीच नाही. मी विचारलं तर हसले, "त्यात मी काय केलं?"

अख्ख्या कामातला सगळ्यात नाजूक भाग तोच, आणि त्याचेच पैसे मागायला हा माणूस लाजतो!

बडोद्यात बीड असं जोडणारे अजून कोणी आहेत का?