३.८ व्होल्ट आणि आप्पांचा रेडिओ

सकाळी सहाला आप्पांचा फोन आला. "भाऊ, तुन्ही पेटी मन्हा वावरमा बंद पडी जास." आवाजात राग नव्हता, थकवा होता. रात्री साडेबाराला लाईट आली, पेटीनं मोटार उचलली नाही आणि आप्पा बॅटरी हातात घेऊन केळीच्या बागेतून विहिरीवर गेले. त्यांचं वय सहासष्ट. हे रात्रीचं जाणं थांबावं, एवढ्यासाठीच तर मोबाइलवरून मोटार चालू करणारी ती पेटी होती.

पेटीत मी स्वतः काढलेला पहिला सर्किट बोर्ड होता. बाजारात मोबाइल स्टार्टर तयार मिळतात, पण ते मोटार चालू-बंद करतात, त्यापुढे काही नाही. आप्पांना ठिबकचे चार व्हॉल्व्ह पाळीपाळीनं फिरवायचे होते आणि मध्येच लाईट गेली तर उरलेल्या व्हॉल्व्हपासून पुढं सुरू करायचं होतं. त्यासाठी प्रोसेसर लागणार आणि बोर्ड आपलाच लागणार.

हाताशी वीस हजार रुपये होते. त्यात सुटे भाग, पाच बोर्ड, पेटी, सगळंच बसवायचं. डिझाइन कीकॅडवर केलं, ते फुकट आहे आणि अशा कामाला पुरून उरतं. प्रोसेसर एसटीएम३२एफ१०३, ४८ पायांचा. दोन पायांतलं अंतर अर्धा मिलिमीटर, म्हणजे भरपूर फ्लक्स लावून साध्या सोल्डरिंग आयर्ननं हातानं बसवता येतो. रेझिस्टर-कॅपॅसिटर ०८०५ मापाचे घेतले, त्याहून लहान चिमट्यात धरवत नाहीत. तांब्याच्या चार थरांचा बोर्ड परवडणारा नव्हता, म्हणून दोन थरांचा. पैसे तिथं वाचवले आणि गोम तिथंच राहिली, हे मला त्या दिवशी कळलं.

जळगावला माझ्या टेबलावर तो बोर्ड पंधरा दिवस चालला होता. रोज वीस-पंचवीस मिस कॉल द्यायचो, एकदाही चुकला नाही.

गाडीला किक मारली आणि विदगावच्या पुलावरून तापी ओलांडून अडावद गाठलं. मे महिना. दहा वाजताच गरम झळा लागत होत्या आणि बागेच्या कडेची पानं करपायला लागली होती. मला पहिला संशय उन्हाचाच आला. पत्र्याची पेटी उघडली, ओलं फडकं टाकून गार केली, मिस कॉल दिला. मोबाइल नेटवर्कशी बोलणाऱ्या मॉड्यूलचा दिवा लुकलुकला, विझला, पुन्हा पहिल्यापासून नेटवर्क शोधायला लागला. मल्टिमीटर लावला तर मॉड्यूलच्या पायांवर ३.७६ व्होल्ट. मॉड्यूलला ठरावीक व्होल्टेज देणारा रेग्युलेटर मी ३.८ ला लावला होता आणि मॉड्यूलला किमान ३.४ लागतात. म्हणजे सगळं ठीक. तासभर मी त्या आकड्यावर विश्वास ठेवून प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसलो.

विहिरीजवळच्या खोपीत आप्पांचा रेडिओ चालू होता, जळगाव आकाशवाणी. मी पुन्हा मिस कॉल दिला आणि रेडिओ टर्रर्र करून ओरडला. टर्रर्र, मग शांतता, आणि त्याच क्षणी मॉड्यूलचा दिवा विझलेला. दुसऱ्यांदा तेच. टेबलावर काम करताना माझ्या स्पीकरमध्येही हा आवाज यायचा, पण बारीक. इथं तो कानठळ्या बसवत होता.

टूजी मॉड्यूल सलग बोलत नाही. सेकंदाला सुमारे २१७ वेळा, दर वेळी अर्ध्या मिलिसेकंदाहून किंचित जास्त, असे झटके देतं. रेडिओत ऐकू येते ती तीच टरटर. टॉवर जवळ असला की टॉवरच त्याला हळू बोलायला सांगतो. जळगावला माझ्या खिडकीतून टॉवर दिसतो. इथं सातपुड्याच्या पायथ्याशी, डोक्याहून उंच केळीच्या आत, ते पूर्ण ताकदीनं, २ वॉटनं ओरडत होतं आणि दर झटक्याला २ अँपिअरपर्यंत ओढत होतं. झटका वेळेच्या आठातल्या एका भागापुरता असतो आणि मल्टिमीटर सरासरी दाखवतो. खोल खड्डा त्याला दिसतच नाही.

वहीत हिशेब मांडला. रेग्युलेटरपासून मॉड्यूलपर्यंतची माझी तांब्याची रेघ ६० मिलिमीटर लांब, ०.३ रुंद. म्हणजे एकापुढे एक दोनशे चौकोन. बोर्डावरचं तांबं ३५ मायक्रॉन जाड असतं, त्याच्या एका चौकोनाचा रोध साधारण अर्धा मिलिओहम. एकूण ०.१ ओहम, २ अँपिअरला ०.२ व्होल्ट गेले. परतीची वाट तशीच: दोन थरांत रेघा बसवताना मी खालचा ग्राउंड, म्हणजे करंट परत नेणारा तांब्याचा थर, मधोमध कापला होता, करंट वळसा घेऊन अरुंद गळ्यातून येत होता. आणखी ०.२. उरले ३.४, म्हणजे अगदी काठावर. झटक्यापुरती वीज साठवून ठेवणारा मोठा कॅपॅसिटर होता, पण रेग्युलेटरच्या शेजारी. गरज होती त्या टोकाला काहीच नव्हतं.

अडावदच्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानात गेलो. उस्तादांनी बोर्ड उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "केबल बारीक पडली का?" विहीर लांब असली आणि केबल पातळ असली की मोटार घुमते, पण उचलत नाही, हे त्यांचं रोजचं काम. माझा ६० मिलिमीटरचा रस्ता त्यांच्या दृष्टीनं लांबच्या विहिरीसारखाच होता. त्यांनी वायंडिंगची जाड तार दिली. ब्लेडनं इनॅमल खरवडून एक तुकडा सप्लायच्या रेघेवर, दुसरा ग्राउंडवर सोल्डर केला, आणि बाजूच्या टीव्हीवाल्याकडून १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर आणून थेट मॉड्यूलच्या पायांवर बसवला. तारेचे पैसे उस्तादांनी घेतले नाहीत.

बागेत परतलो तेव्हा चार वाजले होते. मिस कॉल दिला. रेडिओ तसाच टरटरला, पण दिवा विझला नाही. टक. स्टार्टरच्या हिरव्या बटणाला जोडलेला रिले ओढला गेला, पण लाईट नव्हती म्हणून मोटार गप्प. तरी आप्पा तो टक आवाज ऐकून उठून उभे राहिले.

नव्या आराखड्यात ती रेघ ३ मिलिमीटर रुंद आहे, मॉड्यूल रेग्युलेटरला खेटून आहे आणि खालचा ग्राउंड सलग आहे. बोर्ड दोन थरांचाच, एक रुपया जास्त लागला नाही. उरलेल्या चार जुन्या बोर्डांवर मी दुसऱ्या दिवशी तारा बसवल्या.

त्या रात्री मी जागाच होतो. एक वाजून दहा मिनिटांनी पेटीचा मेसेज आला: मोटार चालू, व्हॉल्व्ह १. दीड वाजता: व्हॉल्व्ह २. आप्पांचा फोन सकाळपर्यंत आला नाही.