काचेचा एक कोपरा

त्या सकाळी वाचनयंत्राच्या पडद्यावर माहिती साठवण्यासाठी बनवलेल्या आमच्या काचेच्या चकतीचा नकाशा उमटला, तेव्हा तिचा एक कोपरा लाल होता. लाल म्हणजे चुकीचा वाचला गेलेला ठिपका. चौकोनी, २ मिलिमीटर जाडीच्या त्या चकतीवरचे लेखन कित्येक आठवडे चालले होते, आणि काचेच्या पोटात एकदा कोरलेला ठिपका दुरुस्त करण्याची सोय आमच्याकडे नव्हती. दोष लेखनातला ठरला असता, तर सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागले असते.

आमची पद्धत थोडक्यात सांगतो. सीडीमध्ये ७८० नॅनोमीटर, डीव्हीडीमध्ये ६५० आणि ब्लू-रेमध्ये ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेझर असतो. तरंगलांबी कमी होत गेली तसा ठिपका लहान झाला आणि साठवण वाढली. मात्र ती याहून फार कमी केली, तर अतिनील प्रकाश चकतीचे प्लॅस्टिकच शोषू लागते. म्हणून आम्ही शुद्ध सिलिका काचेकडे वळलो. फेम्टोसेकंद लेझरच्या, म्हणजे अत्यंत अल्पकाळ टिकणाऱ्या, स्पंदांनी काचेच्या आत अतिसूक्ष्म पट्ट्यांची रचना तयार होते आणि त्या जागी काच द्विअपवर्तनी बनते, म्हणजे तिच्यातून जाणारा प्रकाश वेगवेगळ्या वेगाच्या दोन भागांत विभागला जातो. पट्ट्यांची दिशा आणि प्रकाशाच्या त्या दोन भागांत पडणारे कलांतर (एक भाग दुसऱ्याच्या किती मागे पडतो ते) या दोन्हींत माहिती भरता येते, शिवाय ठिपके एकाखाली एक थरांत लिहिता येतात. साउदॅम्प्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये याच तत्त्वावर ३०० किलोबिटांची मजकूर फाइल काचेत लिहून दाखवली होती. आम्ही दिशेच्या ८ पायऱ्या ठरवल्या होत्या. पट्टी १८० अंशांत फिरली की दिशा पुन्हा तीच होते, म्हणजे लगतच्या दोन पायऱ्यांत २२.५ अंशांचेच अंतर होते.

पहिला संशय गोलीय विपथनावर गेला, कारण लेखनाच्या वेळी लेझर काचेत जसजसा खोल जातो तसतसा त्याचा केंद्रबिंदू पसरट होतो. पण तसे असते, तर खालच्या थरांत चुका अधिक आणि वरच्या थरांत कमी दिसायला हव्या होत्या. इथे मात्र वरपासून खालपर्यंत प्रत्येक थराचा तोच कोपरा बिघडला होता. दुपारपर्यंत आम्ही लेखनाच्या नोंदी चाळत राहिलो आणि त्यांत काहीच सापडले नाही. तो वेळ वाया गेला असे मी आजही मानतो, कारण खरी चाचणी दोन मिनिटांची होती.

ती सुचवली माझ्या तरुण सहकारी मुलीने. ती म्हणाली, ‘‘सर, चकती ९० अंशांत फिरवून पुन्हा बसवूया. चुका चकतीबरोबर फिरल्या तर दोष लेखनाचा, जागेवरच राहिल्या तर वाचनाचा.’’ आम्ही चकती फिरवली. लाल डाग हलला नाही! चकतीचा जो भाग सकाळी निर्दोष वाचला गेला होता, तोच आता त्या कोपऱ्यात येऊन बिघडला होता, आणि सकाळचा बिघडलेला भाग अचूक वाचला जात होता. त्या क्षणी माझा जीव भांड्यात पडला.

चुकांकडे बारकाईने पाहिल्यावर कारणही उलगडले. एका विशिष्ट दिशेतल्या ठिपक्यांचे कलांतर प्रमाणापेक्षा जास्त, तिच्याशी काटकोनात असलेल्यांचे कमी, आणि मधल्या दिशांच्या ठिपक्यांचा कोनच सरकलेला होता. संपूर्ण जाडीत एकसारखे जास्तीचे द्विअपवर्तन मिसळले, की नेमके असेच घडते. ते आले होते दाबातून. त्या कोपऱ्यातला धारकाचा स्क्रू आदल्या संध्याकाळी जास्त आवळला गेला होता. सिलिका काचेत १ मेगापास्कल एवढा ताणसुद्धा २ मिलिमीटर जाडीत सुमारे ७ नॅनोमीटर कलांतर निर्माण करतो, आणि आमच्या ठिपक्यांचे कलांतरही काही नॅनोमीटरच होते. असे बाहेरचे कलांतर ठिपक्याच्या कलांतराच्या साधारण ३८ टक्क्यांवर पोहोचले, की मधल्या दिशेचा ठिपका शेजारच्या पायरीत वाचला जाऊ शकतो.

स्क्रू सैल केला, चकती तशीच ठेवून पुन्हा वाचन घेतले आणि कोपरा स्वच्छ झाला. तुरळक चुका उरल्या, त्या त्रुटिसुधार संकेताने, म्हणजे चुका ओळखून सुधारण्यासाठी सोबत लिहिलेल्या जादा माहितीने, भरून काढल्या. त्याच आठवड्यात आम्ही स्क्रूचा धारक काढून चकती तीन बिंदूंवर नुसती टेकवणारा धारक बसवला. शिवाय प्रत्येक वाचनाआधी चकतीच्या कोऱ्या कडेचे द्विअपवर्तन मोजून ते वजा करण्याची पायरी जोडली. ही पायरी सुरुवातीपासूनच असायला हवी होती.