24 कामट्यांचा कंदील

यंदा कंदील घरीच करायचा, असं लेकीने नवरात्रातच बजावून ठेवलं होतं. आज अखेर मुहूर्त लागला.

बाबांनी बांबूच्या कामट्या सकाळीच तासून ठेवल्या होत्या. नऊ-नऊ इंचांच्या, मोजून 24. चार कामट्यांचा एक चौकोन, असे सहा. मग चौकोनांचे कोपरे एकमेकांना 12 ठिकाणी बांधले की सांगाडा उभा राहतो आणि मधे आठ त्रिकोण आपसूक तयार होतात. हे त्रिकोण आले कुठून, म्हणून लेक परत परत मोजत बसली. लहानपणी मीही अशीच मोजत बसायचे.

खळ आईची. मैदा गार पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत राहायचं, चकाकी आली की उतरवायचं. तो कोमट वास आला आणि जुन्या घरातली दिवाळी डोळ्यांपुढे उभी राहिली.

पतंगी कागद फार नाजूक. खळ जास्त झाली की रंग सुटतो, ताणला की फाटतो. बाबांचा हात हल्ली थरथरतो, पण कागदाची कड कामटीवर दुमडताना जराही हलला नाही. मी नुसती बघत राहिले. लेकीकडून एक त्रिकोण फाटला, तिने त्यावर गुलाबी ठिगळ लावलं. मला तोच सगळ्यात आवडलाय.

झिरमिळ्या कापेपर्यंत दिवेलागण झाली. आत्ता बाल्कनीत टांगलाय, बल्बही लावलाय. खळ अजून पुरती वाळलेली नाही. रस्त्यावरून कसा दिसतो ते बघायला लेक तिसऱ्यांदा खाली गेलीय, या वेळी आजोबांना घेऊन.