पुरुमेतातले सेल : पावसाआधीची नोंद

मे संपत आला की आमच्या डिचोलीत पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, घाई उडते. सुक्या मिरच्या, चिंच, सोलां, सुकी मासळी. त्याच रांगेत आता बॅटरीच्या सेलचा डबाही आला आहे. जूनपासून वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि टॉर्च-रेडिओला ऐनवेळी दगा देणारा सेल मला खपत नाही. मागच्या नोंदीत सेलची जातवारी लावली होती. आता प्रश्न जागेचा : कोणता सेल घरात नेमका कुठे ठेवायचा?

सेल नुसता पडून असला तरी त्याच्या आत रासायनिक क्रिया हळूहळू चालूच असते. उष्णता तिला वेग देते. तापमान १० अंशांनी वाढले की हा वेग साधारण दुप्पट होतो असा ढोबळ हिशेब आहे. साठवणीसाठी १० ते २५ अंश उत्तम, आणि ३० च्या वर जाऊ देऊ नका, असे सांगितले जाते. गोव्यात मे महिन्यात २५ अंश आणायचे कुठून? म्हणून थर्मामीटर घेऊन घरभर हिंडलो. कौलांखालचा माळा दुपारी ४० ला टेकतो. स्वयंपाकघरातले फडताळ सकाळी बरे असते, पण चूल पेटली की चढते. सगळ्यात थंड निघाली ती मधल्या खोलीतल्या लाकडी कपाटाची तळची फळी. मागे चिऱ्याची आतली भिंत, ऊन कुठूनच नाही. तिथे पारा २९ च्या आसपास असतो आणि दिवसरात्रीत फारसा हलत नाही. हे न हलणे मला फार मोलाचे वाटते.

‘मग फ्रिजमध्ये का नाही?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. साध्या अल्कलाइन पेन्सिल सेलसाठी माझे उत्तर ठाम नाही असे आहे. हा सेल २० अंशांना वर्षाला जेमतेम २ ते ३ टक्के शक्ती गमावतो. आपल्या उकाड्यात ते दुप्पट धरले तरी एका पावसासाठी घेतलेल्या सेलला त्याचे काय? उलट जुलैत आपल्या हवेचा दवबिंदू २४ अंशांच्या आसपास असतो. ५ अंशांचा सेल अशा हवेत बाहेर काढला की क्षणात ओला होतो. दोन्ही टोकांवर पाणी, वेष्टण सुटते, मग पत्र्याला गंज. थोडी बचत आणि मोठी जोखीम.

अपवाद रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइडचा. याच्या जुन्या जातीचे सेल पूर्ण चार्ज करून ठेवले तरी पहिल्याच महिन्यात २० टक्क्यांपर्यंत, कधी त्याहूनही जास्त उतरतात. २००५ मध्ये सॅन्योने एनेलूप आणले, तेव्हापासून वर्षभर बराचसा चार्ज धरून ठेवणारे सेल मिळू लागले. ते कपाटात सुखाने राहतात. जुन्यांना मात्र थंडावा मानवतो. ते काचेच्या बरणीत, घट्ट झाकणाखाली, सिलिका जेलच्या पुडीसह फ्रिजच्या दारात ठेवले आहेत. फ्रीझरमध्ये कधीच नाही. बरणी बाहेर काढली की घरच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडायचे नाही. दव बरणीच्या बाहेर बसू दे, सेलवर नको. आईने ती जागा दिली ती बरणीवर ठळक चिठ्ठी लावण्याच्या अटीवर, आणि अट अगदी रास्त आहे.

टॉर्चमधल्या ‘१८६५०’ या आकाराच्या रिचार्जेबल लिथियम-आयन सेलची गोष्ट वेगळी. ते ४.२ व्होल्टपर्यंत भरून ठेवायचे नाहीत, ३.७ ते ३.८ व्होल्टवर, म्हणजे साधारण अर्धे भरून ठेवायचे. ४० अंशांना वर्षभर पूर्ण भरलेला सेल ठेवला तर क्षमता ६५ टक्क्यांच्या आसपास उरते. ४० टक्के भरलेला ठेवला तर ८५ च्या आसपास. आणि ४० अंश म्हणजे आमचा माळाच. सुटे सेल माळ्यावर टाकणाऱ्या सगळ्यांना हे दोन आकडे मी आवर्जून सांगतो.

आता गळतीविषयी, कारण आपल्या भागात खरे नुकसान तीच करते. अल्कलाइन सेलमध्ये जस्ताची पूड मध्यभागी असते. ती झिजताना हायड्रोजन तयार होतो, दाब वाढतो आणि तळाची सील सुटते. बाहेर येणारे पोटॅशियम हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पांढरे पोटॅशियम कार्बोनेट बनते. कोरड्या प्रदेशात त्याची खपली धरते. आपल्याकडे हा क्षार हवेतले पाणी ओढतो, पावसाळाभर ओलसर राहतो आणि पुढे सरकत जातो. शेजारच्या काकांच्या रेडिओत हे भिंगाखाली पाहिले : स्प्रिंगचा खालचा वेढा हिरवट झालेला, आणि ओल तारेच्या इन्सुलेशनखालून थेट सर्किटच्या पट्टीपर्यंत गेलेली. कापसाच्या बोळ्याने पांढरे व्हिनेगर लावले, बुडबुडे थांबेपर्यंत पुसले, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. रेडिओ वाचला. जुन्या झिंक-कार्बन सेलची गळती मात्र आम्लधर्मी असते, तिथे व्हिनेगर नको, खायचा सोडा पाण्यात कालवून लावायचा. आधी जात ओळखा, मग बोळा उचला.

म्हणून डब्यापेक्षाही महत्त्वाचे काम मी आधी केले : महिनाभर हात लागणार नाही त्या प्रत्येक वस्तूतून सेल काढले. नवा-जुना एकत्र घालणे बंद. ओळीत जोडलेल्या सेलपैकी दुबळा आधी रिता होतो, बाकीचे त्याच्यातून जबरदस्तीने प्रवाह ढकलत राहतात आणि गळतीला सुरुवात तिथून होते. ९ व्होल्टच्या सेलची दोन्ही टोके एकाच बाजूला असतात, त्यांवर चिकटपट्टी. बटण सेल मूळ पाकिटातच आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर. गिळलेला बटण सेल अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकतो.

तपासणीत नुसत्या मल्टीमीटरवर माझा भरवसा नाही. बिनभाराचा, म्हणजे काहीही न चालवणारा, दुबळा सेलही १.४ व्होल्ट दाखवून मोकळा होतो. १० ओहमचा अर्ध्या वॅटचा रोधक सेलच्या दोन टोकांमध्ये लावला की सुमारे १५० मिलिअॅम्पिअर वाहतात आणि सेलचे खरे रूप दिसते. टेबलावर सेल उभा सोडून उसळी बघायची युक्ती आपल्यात प्रिय आहे. २०१५ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी ती तपासली : आतल्या जस्ताचे ऑक्साइड होत गेले की उसळी वाढते, पण निम्म्या वापरापर्यंतच, पुढे वाढत नाही. ताजा सेल ओळखायला ठीक, उरलेली शक्ती मोजायला निरुपयोगी.

प्रत्येक सेलवर खरेदीचा महिना आणि भाराखालचे व्होल्ट लिहून झाले आहेत. जुन्या निकेल-मेटल हायड्राइडचे एकाच खेपेतले दोन संच काल पूर्ण चार्ज केले. एक बरणीत, एक कपाटात. गणेश चवथीच्या आधी दोन्ही एकाच भारावर उतरवून आकडे मांडतो. कळंगुट, हरमल, बेतूल अशा किनाऱ्यालगत कुणाचा साठा असेल तर टोकांवर गंज किती दिवसांत दिसतो तेवढे टिपून ठेवा. खाऱ्या वाऱ्याचा हिशेब डिचोलीत बसून मला लावता येणार नाही.